खानापूरच्या रानातली जुनी कुमरी कशी ओळखावी

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: "ॲमेझॉनचं जंगल तिथल्या आदिवासींनी घडवलं, असं हल्ली सारखं वाचायला मिळतं. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या बाजूला. पणजोबा कुमरी, म्हणजे रान तोडून-जाळून करायची फिरती शेती, करायचे असं घरात सांगतात. फॉरेस्टवाले मात्र आम्हाला जंगल जाळणारी माणसं म्हणतात. मग आमचं रानही आमच्या लोकांनीच घडवलं असं म्हणता येईल का? आणि म्हणायचं तर दाखवायचं कसं?"

म्हणता येईल, पण सरसकट नाही. आणि दाखवता नक्की येतं.

मी 1994 पासून खानापूर आणि शेजारच्या जोयडा तालुक्यात झाडांच्या नोंदी करतोय, 2008 नंतर वनहक्काच्या दाव्यांचं कामही त्यात आलं. सुरुवातीची माझी फजिती सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. चोर्ला घाटाच्या अलीकडे एका उतारावर आम्ही झाडं मोजत होतो. ऐन, किंदळ, जांभा, मध्येच भेरली माड, ओढ्याला धरून जांभळी. वर पानांचा मांडव इतका दाट की भर दुपारी वही डोळ्यांजवळ धरावी लागे. मी शेरा मारला, 'अस्पर्श रान'. मग जेवायला एका सपाट खडकावर बसलो. वाट दाखवायला आलेले आजा शेजारी बसले. भाकरीचं फडकं सोडायच्या आधी त्यांनी खडकावरचा पाला हातानं सारला. खाली वाटीएवढा खळगा निघाला, त्याच्या शेजारी दुसरा. आत बोट फिरवलं तर काचेसारखा गुळगुळीत. "उखळ हाय," आजा म्हणाले. "हितं वरी कांडायचे. समदं कुमरीचंच रान न्हवं काय हे." जेवण झाल्यावर त्यांनी कोयत्याच्या टोकानं वीतभर माती उकरून दाखवली. तांबड्या मातीत काळे ठिपके. चुरडले तर बोटं काळी झाली.

वहीतला 'अस्पर्श' मी तिथंच खोडला. ज्या रानाला मी तो शेरा मारला होता त्याच रानातल्या खडकावर पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी धान्य कांडलं होतं.

ॲमेझॉनमध्ये झालं ते याच जातीचं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. 1542 साली ओरेयानाची स्पॅनिश तुकडी त्या नदीतून खाली गेली. तिच्याबरोबरच्या कार्वाहाल नावाच्या पाद्र्यानं काठावरच्या लांबच लांब वस्त्यांबद्दल लिहून ठेवलं. पुढे दोन-तीनशे वर्षांनी गेलेल्या प्रवाशांना तिथं नुसतं जंगल दिसलं, तेव्हा पाद्र्यानं थापा मारल्या असं ठरलं. मधल्या काळात देवी, गोवर आणि गुलामगिरीनं बहुतेक माणसं मेली होती, आणि त्यांच्या वाड्यांवर, शेतांवर झाडं वाढली होती. त्या वाढलेल्या झाडांनाच 'आदिम अरण्य' हे नाव पडलं. नंतर पुरावे एकेक करून वर आले. नद्यांच्या काठानं सापडणारी काळी माती ही कोळसा, हाडं, खापऱ्या आणि चुलीपुढचा कचरा मिसळून झालेली आहे. आजूबाजूची माती पावसानं धुऊन निकस झालेली असताना ही आजही कसदार आहे. ब्राझीलमधल्या झिंगू नदीच्या वरच्या खोऱ्यात तिथल्या कुइकुरो लोकांच्या मदतीनं हेकेनबर्गर हा पुरातत्त्वज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जुने रस्ते, खंदक, चौक असलेल्या वस्त्यांचं जाळं 2003 मध्ये मांडलं. बोलिव्हियात 2022 मध्ये आकाशातून लेसर सोडून झाडांखालची जमीन पाहिली, तर कासाराबे संस्कृतीचे मातीचे मनोरे आणि मैलोन्‌मैल बांध दिसले. 2017 साली झाडांची गणती पुरातत्त्वाच्या नकाशाशी ताडून पाहिली. ब्राझील नट, काकाओ (कोकोचं झाड), आसाई (एक ताड) धरून माणसानं कमी-जास्त प्रमाणात माणसाळवलेल्या 85 जातींची झाडं होती, आणि ती जुन्या वस्त्यांच्या जवळ जास्त दाट होती.

तरी 'लावलेलं जंगल' हा शब्द मला पटत नाही. नद्यांपासून दूरच्या, विशेषतः पश्चिमेकडच्या ॲमेझॉनमध्ये मातीत कोळसा फार थोडा सापडतो आणि तिथं माणसाचा हात हलका होता, असं म्हणणारेही कसलेले संशोधक आहेत. वाद मिटलेला नाही. बाग लावणं वेगळं आणि रान वळवणं वेगळं. गाय आपण घडवत नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या कोणती कालवड ठेवायची हे ठरवून गाईची जात मात्र बदलते. रानाचं तसंच.

आता आपल्याकडे येऊ. कुमरीबद्दल तुमच्या घरात जे सांगतात ते बहुतेक बरोबरच असणार. दिवाळीनंतर, रान सुकायला लागलं की उतारावरचा एक तुकडा ठरवायचा. झुडुपं मुळापासून नाही, गुडघ्याच्या खाली तोडायची. मोठी झाडं उभीच ठेवून फांद्या उतरवायच्या. तोडलेलं शिमग्यापलीकडे वाळू द्यायचं आणि वळवाच्या आधी भाजावळ करायची, कडेनं पाला झाडून, वाऱ्याचा अंदाज घेऊन, वरून खाली. वरून खाली का, तर आग उतारावर चढते तेव्हा पळते आणि उतरते तेव्हा चालते. चालत्या आगीत खोडकी जिवंत राहतात. पहिल्या पावसाबरोबर राखेत नाचणा फेकायचा, कडेला तूर. दुसऱ्या वर्षी वरी किंवा सावा. तिसऱ्या वर्षी तण इतकं माजतं की खुरपणीचा घास पिकातून निघत नाही. मग तो तुकडा सोडायचा.

राखेची गरज का पडते? घाटमाथ्यावर पाऊस एवढा कोसळतो की जमिनीतला चुना आणि पोटॅश वाहून जातो, मागं उरते आंबट तांबडी माती. या रानाचा कस मातीत नसून झाडांत उभा असतो. तो खाली आणायचा सोपा उपाय म्हणजे विस्तव. राखेनं मातीचा आंबटपणाही मोडतो आणि किडीचं, तणाचं बीही भाजून जातं. पण दोन पावसांत हे सगळं संपतं. म्हणून कुमरीत नांगर, बैल, खत यांना फारसं मोल नव्हतं. मोल होतं ते पाळीला. सोडलेल्या तुकड्यावर पुन्हा कोयता कधी चालवायचा, हा सगळा त्या शेतीचा जीव.

हिशेब करून बघा. दोन वर्षं पीक आणि चौदा वर्षं विसावा धरला, तर फेरा सोळा वर्षांचा. म्हणजे कुठल्याही वेळी आठातला एक हिस्सा जमीन पिकात आणि सात हिस्से वेगवेगळ्या वयाच्या रानात. वरून पाहिलं असतं तर ठिगळांची गोधडी दिसली असती. एका ठिगळात राख, एकात गवत, एकात चांदाडा आणि कोवळा कळक, एकात चौदा वर्षांचा ऐन. भेकराला, गव्याला, रानडुकराला, मधमाश्यांना एकाच जातीचं जुनं रान लागत नाही, त्यांना हे सगळं जवळजवळ लागतं. आणि आता त्याच गावाच्या अर्ध्या रानाला कुणीतरी दगड पुरून 'राखीव' म्हटलं असं धरा. खाणारी तोंडं तेवढीच. फेरा सोळाचा आठावर आला, विसावा चौदाचा सहावर. सहा वर्षांत ऐन-किंदळाचं खोडकं पुरतं सावरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला ते मरतं, जागी गवत येतं, गवतातून आग पळते. मग साहेब येतो, पाहतो, आणि लिहून ठेवतो की कुमरीनं जंगल उजाड होतं. त्यानं पाहिलेलं खोटं नसतं, फक्त ते कुमरीचं नसून दगडाचं फळ असतं.

हे मी कल्पनेनं रंगवत नाही, या मुलखाचा इतिहास तसाच चाललाय. 1801 साली फ्रान्सिस ब्युकॅनन कंपनी सरकारसाठी पाहणी करत कानडा मुलखातून फिरला, तेव्हा त्यानं कुमरी चालू असल्याचं टिपलं आहे. त्या वेळी कानडा मुलूख मद्रासकडे होता. 1856 मध्ये मद्रास वनखात्याचा पहिला कन्झर्व्हेटर म्हणून ह्यू क्लेगहॉर्न आला, तो कुमरीचा कट्टर विरोधक. जहाजांना आणि रेल्वेला इमारती लाकूड हवं होतं, त्यात ही राख करणारी माणसं त्याला कशी खपावीत? 1862 ला उत्तर कानडा (आजचा उत्तर कन्नड) मुंबई इलाख्यात आला, बेळगाव आधीपासून मुंबईकडेच होतं. मग 1865 चा कायदा, त्याहून कडक 1878 चा, आणि 1927 चा; कर्नाटकात त्याच्या जागी पुढे राज्याचा 1963 चा कायदा आला, आज गुन्हे नोंदवले जातात ते त्याखाली. 1878 च्या कायद्यात राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन प्रकार होते. तिसरा बहुतांशी कागदावरच राहिला. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तिथं झालं.

यातली गंमत अशी, की ज्या विस्तवाला गुन्हा ठरवलं तोच विस्तव खात्यानं स्वतःच्या कामाला लावला. ब्रह्मदेशात ब्रँडिस या वनअधिकाऱ्यानं तिथल्या करेन लोकांकडून त्यांच्याच फिरत्या शेतीच्या रीतीनं साग लावून घेतला. ती रीत तिथल्याच 'टाउंग्या' या नावानं सगळ्या साम्राज्यात गेली. लोकांनी तोडायचं, जाळायचं, एक-दोन पिकं घ्यायची, त्यातच सागाची रोपं जगवायची आणि निघून जायचं. म्हणजे कुमरीच, फक्त विसाव्यातलं रान सरकारच्या मालकीचं आणि एकाच जातीचं. हल्याळ-दांडेलीकडं सरळ रेषांत उभा असलेला साग बघताना हे ध्यानात ठेवा. तिथं व्यवस्थापन नव्हतं आणि नंतर आलं असं नाही झालं. एकाचं गेलं, दुसऱ्याचं आलं.

आता ज्या गोष्टीबद्दल लोक विचारत नाहीत, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती सांगतो. कुमरी करणाऱ्याची ओळख त्यानं काय तोडलं यापेक्षा काय तोडलं नाही यात असते. आंबा, फणस, जांभूळ, भिरंड (कोकम), हिरडा, बेहडा, भेरली माड यांच्या खोडाला कोयता लावत नसत. आंबा-फणस पोटासाठी. भिरंडाची सोलं वर्षभराच्या कढीला. हिरडा बाजारात चालायचा. भेरली माडाच्या गाभ्याचं पीठ दुष्काळात खात, आणि ताडीही निघायची. विस्तवातून ही झाडं वाचवायची म्हणून बुंध्याभोवतीचा पाला आधीच ओढून काढत. आता दहा-बारा फेऱ्यांचा विचार करा. दर फेऱ्याला बाकीची झाडं कापली जातात, ही राहतात, बी टाकतात. दोनशे वर्षांनी त्या उतारावर फळझाडांचं प्रमाण आपोआप वाढलेलं असणार. रोप कुणी लावलेलं नाही, खड्डा कुणी खणलेला नाही. ॲमेझॉनमधल्या त्या 85 जातींचं गूढ समजायला तुम्हाला ब्राझीलला जायची गरज नाही.

कळकाची गोष्ट तर थेट आपल्या भागातली आहे. दांडेलीला पन्नासच्या दशकात कागद कारखाना आला आणि उत्तर कन्नडमधला बांबू त्याला नाममात्र दरानं मिळू लागला. कळकाचं बेट तुम्ही पाहिलंच असेल. बुंध्याशी काटेरी फांद्यांचं असं जाळं असतं की हात घालायची सोय नाही. बुरूड आणि मेदार मंडळी बांबू काढताना ते जाळं ठेवून वरून, कडेकडेनं काढायची. त्याला कष्ट पडतात, हात फाटतात. 'शास्त्रीय' तोडणीत ते जाळं साफ केलं जाऊ लागलं. बेट मोकळं झालं की कोंब जोमानं येतील असा त्यामागचा तर्क. गावकरी म्हणत होते की याच्यानं बेटं मरतील. सत्तरच्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष बेटं मोजून पाहिली तेव्हा गावकऱ्यांचंच खरं निघालं. पावसाळ्यात येणारे वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, गुरं, साळिंदर, माणसं सगळ्यांनाच आवडतात. काट्यांचं कुंपण गेलं की कोवळा कोंब खाल्ला जातो, आणि नवा कोंबच नसला तर जुनं बेट किती दिवस तग धरणार?

मला या गोष्टीत आवडतं ते असं, की इथं पूजा, श्रद्धा, 'निसर्गाशी एकरूप' वगैरे काही नाही. बुरडाला पुढच्या वर्षी सुपं विणायला बांबू हवा होता, म्हणून त्यानं काटे ठेवले. सुपं विणणाऱ्याला जे कळत होतं ते पदवीधराला कळायला मोजदाद करावी लागली. मीही पदवीधरच, तेव्हा हे चेष्टेनं म्हणत नाही.

देवरायांवर भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात. महाराष्ट्रातल्या राया गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात नोंदवल्या. आपल्या सीमेपलीकडे, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात बांबर इथं निरंकाराची राई आहे. रानजायफळीची पाणथळ जागा, जमिनीतून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं, पावसाळ्यात आत जाऊन बघावी अशी. खाली शिरसी-सिद्दापूरकडच्या 'कान' रानांचं प्रकरण मात्र निव्वळ देवाचं नव्हतं. त्या सदाहरित तुकड्यांत मिरीचे वेल चढवलेले असत, आणि ती मिरी गेरसोप्प्याच्या मार्गानं समुद्रात उतरायची. सोळाव्या शतकात तिथल्या चेन्नभैरादेवीला पोर्तुगीज 'मिरीची राणी' म्हणायचे ते याच मालावरून. देव आणि दाम एकाच झाडाखाली नांदत होते, त्यात कुणाला काही खटकत नव्हतं.

आणि गवळी धनगरांना विसरू नका, बहुतेक जण विसरतात. भीमगडाच्या पोटातल्या वाड्यांवर, हल्याळकडच्या रानात त्यांच्या म्हशींनी वर्षानुवर्षं जी गवताळ मोकळीक राखली तिथंच गवे चरतात. गवळीवाडा हलला की पाच-सात पावसांत ती जागा रानमोडी या परदेशी तणानं भरते. रानमोडीत ना म्हैस जात, ना गवा.

आता थोडं कडू. सगळ्या रानाला माणसाचा हात लागला होता असं म्हणाल तर तुमचं म्हणणं कच्चं पडेल. म्हादई जिथं दऱ्यांत उतरते तिथल्या उभ्या कड्यांवर कुणी कधी नाचणा पेरला नसणार. कुमरी कुठं कुठं हाताबाहेरही गेली, विशेषतः जिथं बाहेरचा सावकार किंवा ठेकेदार धान्यासाठी तोडायला लावायचा तिथं. आणि आपली माणसं म्हणजे संत नव्हेत. वजन उतरवायच्या औषधासाठी नव्वदच्या दशकात उप्पगीच्या, म्हणजे भिरंडाच्या जातीतल्या एका झाडाच्या, फळाच्या सालीला बाहेरून भाव आला, तेव्हा फळं पिकायची वाट न बघता फांद्याच्या फांद्या उतरवल्या गेल्या. जिथं पाळी सांगणारं कुणी उरत नाही तिथं जुनं ज्ञान बाजारापुढं आठवडाभर टिकत नाही. आज उद्या पुन्हा कुमरी सुरू करा असंही मी म्हणणार नाही. सोळा वर्षं थांबायला जमीन कुठाय, आणि विसाव्याला सोडलेल्या तुकड्यावर आज ऐन यायच्या आधी रानमोडी येईल.

'आदिवासी' या शब्दाचाही आपल्याकडे घोळ आहे. जोयड्याचे कुणबी दर वर्षी कंदमुळांचा मेळा भरवतात. मुडलीसारखे हातभर कंद तिथं बघायला मिळतात, आणि परसात एवढ्या जाती राखणारा समाज मी दुसरा पाहिला नाही. पण कर्नाटकाच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ते नाहीत, गवळी धनगरही नाहीत. उत्तर कन्नडचे सिद्दी 2003 मध्ये यादीत आले. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, म्हणजे पुस्तकी अर्थानं ते 'मूळनिवासी' नव्हेत, पण रान त्यांना पाठ आहे. रान कुणी घडवलं हे जातीच्या दाखल्यावरून ठरत नाही. हक्काचा कागद मात्र दाखल्यावरून ठरतो, आणि तुमची खरी अडचण तिथं येणार.

2006 च्या वनहक्क कायद्यात जमातीच्या यादीत नसलेल्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करता येतो. त्यासाठी 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, त्या रानाजवळ राहून त्यावर पोट भरत असल्याचं दाखवावं लागतं. सरळ भाषेत, 1930 पर्यंत मागं जायचं. इथं लोक घाबरतात, कारण कागद नसतात. असले तर जुने मोडी लिपीत, नवे कन्नडमध्ये, आणि मराठी घरात दोन्ही वाचणारं कुणी नसतं. पण नियमांत पुरावा म्हणजे फक्त सातबारा नाही. विहिरी, बांध, जुन्या बांधकामाचे अवशेष, देवाची झाडं, राया, मसणवट, चराईची कुरणं, एवढंच काय दावेदार नसलेल्या वयस्कर माणसांचा लिहून घेतलेला जबाबही चालतो. भीमगड 2011 मध्ये अभयारण्य झालं म्हणून तिथं हा कायदा लागू नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. लागू आहे. एकेका घराच्या जमिनीच्या दाव्यामागे सगळे लागतात, पण गावानं मिळून रान राखायचा, जपायचा आणि सांभाळायचा जो सामूहिक हक्क कलम 3 मध्ये आहे, त्याच्याकडे आमच्या भागात फार थोड्या गावांनी लक्ष दिलं. कुमरीचा पुरावा खरा उपयोगी तिथंच.

तर जुनी कुमरी ओळखायची कशी? नुसत्या कोळशावर जाऊ नका. वणव्यानंही कोळसा होतो, आणि विसाव्या शतकात घाटात कोळशाच्या भट्ट्याही लागायच्या. भट्टीची जागा वेगळी कळते. उतार कापून केलेला गोल सपाट ओटा, आणि एकाच जागी हातभर जाडीचा काळा थर. कुमरीचा कोळसा पातळ आणि उतारभर पसरलेला असतो, दहा-पंधरा पावलांवर कुठंही उकरा, ठिपके निघतात. मग झाडांच्या बुंध्याकडे बघा. ऐन, किंदळ, जांभा जमिनीतूनच दोन-तीन-चार खोडांनी उभे असतील, आणि मधे जुन्या खोडक्याची कुजकी वाटी असेल, तर ते झाड कोयत्याखालून गेलंय. अशा झाडांचा घेर साधारण सारखा असला तर ती एकाच वर्षी सुटलेली आहेत. त्यांच्यात मधेच एखादा दुप्पट-तिप्पट घेराचा आंबा किंवा बेहडा एकटा उभा असेल, खालच्या फांद्यांच्या जागी जुन्या गाठी असतील, तर ते ठेवलेलं झाड. कुंभा भरपूर असणं हीही खूण, त्याची साल विस्तव सोसते. ओढ्याच्या बाजूला उखळं, जात्याचा फुटका तुकडा, खापऱ्या शोधा. उताराच्या आडव्या रेषेत रचलेले दगड शोधा. यातल्या एका खुणेनं काही सिद्ध होत नाही, पण चार एकत्र आल्या तर मी डोळे मिटून सही करतो.

वय काढताना घाई करू नका. आपल्या बहुतेक झाडांत वर्षाची कडी नीट उमटत नाही, त्यामुळं घेरावरून वय सांगणारा माणूस अंदाज सांगत असतो. सागात मात्र कडी दिसते. वाऱ्यानं पडलेला एखादा साग त्याच तुकड्यात असेल तर त्याच्या छेदावरच्या कड्या मोजून फोटो काढा. छेदाला हात लावू नका, पडलेलं लाकूडही खात्याचंच आणि गुन्हा तुमच्यावर पडेल.

आणि एकटे जाऊ नका. घरातली आजी असेल तर तिला घेऊन जा, आज्यापेक्षा आजी. तोडणी पुरुषांची आठवण असते, पण कुठल्या ओढ्याचं पाणी, कुठल्या झाडाखाली पोर निजवलं, कंद कुठं निघायचा, हे बायका सांगतात, आणि नकाशावर टेकवता येतं तेही हेच. चालता येत नसेल तर जीपनं जमेल तिथपर्यंत न्या आणि जागांची नावं विचारा. आमच्या एका गावाच्या दाव्यात सगळ्यात भक्कम कागद ठरला तो नावांचा. एका आज्जीनं बसल्या बसल्या बावीस तुकड्यांची नावं सांगितली. कुठं नाचण्याचं, कुठं विस्तव सुटला त्या वर्षीचं, कुठं वाघानं रेडकू नेलेलं. मग आम्ही जीपीएस घेऊन फिरलो, तर बावीसपैकी एकोणीस जागी कोळसा आणि फुटवं निघालं. उरलेल्या तीन जागा सागाच्या लागवडीखाली गेल्या होत्या.

वळवाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये जा. पाला वाळलेला असतो, खडक उघडे पडतात, जळवा नसतात. कोळशाचे तुकडे घेतलेत तर धुऊ नका आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, ओल धरून बुरशी येते. ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळा आणि वर जागेचं नाव आजीनं सांगितलं तसंच लिहा.